रात्री किती जणी असतात?

"रात्री काय हो मॅडम, रात्री सगळे झोपलेलेच असतात."

आत्यासाठी जागा शोधत होते तेव्हा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणाऱ्या एका केअर सेंटरच्या व्यवस्थापकांनी हे अगदी सहज सांगितलं. बोलायला सज्जन माणूस. त्याआधी त्यांनी मला बाग दाखवली, बागेतला छोटा गणपती दाखवला, सतरंजीवर बसून टाळ वाजवणाऱ्या आज्यांचे फोटो दाखवले, आणि ऑफिसातल्या पडद्यावर सीसीटीव्हीचे सगळे चौकोन दाखवले. स्वयंपाकघरात दुधीच्या भाजीचा वास होता, भात मऊ होता, फरशी लख्ख होती. मग सांभाळणाऱ्या मुलींबद्दल मी विचारलं, "रात्री किती जणी असतात?" त्यावर आलेलं हे उत्तर. घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं, कारण म्हातारी माणसं रात्री झोपतात हे म्हाताऱ्या माणसाजवळ एक रात्र काढलेलं कुणीही म्हणणार नाही. आमची आत्या एकदा बाराला उठते, मग अडीचला, मग साडेचारला. पार्किन्सनच्या माणसाला कूस बदलायची असते आणि बदलता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर दिवेलागणीनंतर जास्तच बेचैन वाटतं. आपण परक्या घरी आहोत, आता निघायला हवं, असं त्यांना वाटत राहतं आणि ती दाराशी येऊन उभी राहतात. पडणं होतं ते पहाटेच्या अंधारात, बाथरूमला जाताना. आत्याही तशीच पडली होती.

आत्या सरकारी रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. उभी हयात वॉर्डात काढलेली बाई. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. मुलगा न्यू जर्सीला. मी इथे, पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. केअर सेंटरचा निर्णय तिचा तिनेच घेतला. "तू मला उचलायला जाशील आणि तुझी पाठ जाईल. मग दोघींना कोण बघणार?" एवढं म्हणून तिने विषय संपवला आणि मला कामाला लावलं. "दुपारी अकरा-बाराला जाऊ नकोस. तेव्हा सगळीकडे छानच असतं. संध्याकाळी पाळी बदलताना ओव्हर देतात त्या वेळेला जा. दिवसाची निघायच्या घाईत असते, रात्रीची नुकती आलेली असते, तेव्हा कळतं काय ते." आणि मी दारापर्यंत पोचल्यावर हाक मारून, "पाण्याचा पेला बघ. हात पोचतो का तिथपर्यंत, ते बघ."

मी पेले बघू लागले आणि एकेक जागा निराळी दिसायला लागली. पलंगाशेजारी टेबल, टेबलावर झाकण घातलेलं स्टीलचं भांडं, आणि माणूस पलंगाच्या दुसऱ्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. भांडं भरलेलं आहे, म्हणजे पाणी दिलेलं आहे. ते प्यायलं गेलं का, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी कुणीतरी पाच मिनिटं बसावं लागतं, मान उचलून धरावी लागते, दोन घोट झाले की थांबावं लागतं, ठसका लागला तर पाठ चोळावी लागते. एका ठिकाणी बेलची दोरी पलंगाच्या दांड्याला व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. नखं बघितली, नखं वाढलेली असतील तर तिथे हात कमी आहेत असं खुशाल समजावं, कारण नखं कापणं हे असं काम आहे की ते आजच्याऐवजी उद्या केलं तर कुणी बोलत नाही. वासाचं मात्र माझं मत बदललं. लघवीचा वास आला की नाक मुरडून बाहेर पडायचं, असं मी ठरवलं होतं. आत्या म्हणाली, बावीस म्हाताऱ्या माणसांच्या घरात सकाळी वास यायचाच, तो अर्ध्या तासात जातो का ते बघ. फिनेलचा भपकारा दिवसभर येत असेल तर तिथे फरशी पुसायला माणूस आहे आणि माणसं पुसायला नाही.

आणि टाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखम होते ती माकडहाडाशी, नाहीतर टाचेला. माकडहाड कुणी परक्याला दाखवणार नाही, पण चादर थोडी सरकली की टाच दिसते. निरोगी टाच खरखरीत असते. सतत गादीवर टेकलेली टाच आधी गुळगुळीत, लालसर होते आणि मग एक दिवस तिथे जांभळा डाग दिसतो. बेडसोअर, म्हणजे ही पडून राहण्याची जखम, बरेचदा वर दिसते त्याहून आत खोल असते, हे मला आत्याकडून कळलं. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची चुणी काढणं, ओलं तेवढं लगेच बदलणं, पाठीला हात लावून बघणं, हीच त्यावरची जुनी आणि आजही चालणारी तजवीज. एअर बेडचा उपयोग होतो, पण मोटार लावली म्हणजे कूस बदलायला नको असं नाही.

एका सेंटरमध्ये प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला लावलेला तक्ता होता. डावी कूस, उजवी कूस, उताणं, दोन-दोन तासांचे रकाने, पुढे सही. मला फार बरं वाटलं. मी एक तक्ता हातात घेऊन वाचू लागले. आठ, दहा, बारा, दोन, सगळे रकाने भरलेले, एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, खाली दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सहाच्या रकान्यापर्यंत.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

पहिला राग त्या मुलीचा आला जिची सही होती. ती शेजारच्या खोलीत एका आजोबांना चमच्याने पेज भरवत होती आणि भरवताना त्यांच्याशी त्यांच्या गावाबद्दल बोलत होती, म्हणजे तिला माया नव्हती असं मी म्हणू शकत नाही. मग घरी बसून हिशेब मांडला. त्या जागी बावीस जण होते आणि त्यांतले नऊ अंथरुणाला खिळलेले. एका माणसाची कूस नीट बदलायची तर दोघी लागतात. एक खांद्याला, एक कमरेला. ड्रॉ शीट, म्हणजे कमरेखालची आडवी चादर, सरळ करायची, डायपर बघायचा, पाठ बघायची, पायांमध्ये उशी द्यायची. घाई न करता आठ मिनिटं धरा. नऊ जणांची बहात्तर मिनिटं. दर दोन तासांतली बहात्तर मिनिटं दोघींची नुसती यातच जातात, आणि बाकीच्या तेरा जणांपैकी कुणी हाक मारणार नाही असं धरलं तरच. तिथे रात्री एक मुलगी होती. एक मुलगी हे काम करू शकत नाही. तिच्या हातात तक्ता दिला तर ती तो भरणार, दुपारी भरणार, कारण रात्री तेवढाही वेळ नसेल.

आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. आठ तासांची ड्यूटी आणि आठवड्याला एक ऑफ धरला तर एका बाईचे तास होतात अठ्ठेचाळीस. म्हणजे पलंगांपाशी कायम एकच माणूस हजर ठेवायचं तरी साडेतीन बायका लागतात, आणि आजारपण, रजा, दिवाळी, गावची जत्रा धरली तर चार-साडेचार. हा हिशेब परवडत नाही म्हणून सगळीकडे बारा तासांची ड्यूटी. त्यातही रिलिव्हर, म्हणजे बदलीची मुलगी, आली नाही तर डबल. चोवीस तास उभ्या असलेल्या मुलीच्या हातात इन्सुलिनची सुई असते, ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली मी पाहिली नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा थेट १९४९चा आहे. आजारी, जखमी किंवा गलितगात्र माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते त्या जागेला तो लागू होतो, आणि परिचारिकांचं प्रमाण योग्य नसेल तर नोंदणी नाकारता येते असं त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. २०२१च्या जानेवारीत आलेल्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिकवण्याच्या रुग्णालयात तिघांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि वर तीस टक्के माणसं रजेसाठी राखीव. आत्याला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात चाळीस पेशंट आणि रात्री दोघी. एक इंजेक्शनं देत फिरायची, दुसरी इमर्जन्सीला." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल ते मी विचारलं नाही.

मात्र म्हातारपणाची ही घरं या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडतात. मी गेले तिथे एका भिंतीवर महापालिकेचा फॉर्म सी, म्हणजे शुश्रूषागृहाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, होता, दुसऱ्या ठिकाणी ट्रस्टच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, तिसऱ्या ठिकाणी नुसतं शॉप अॅक्टचं लायसन्स. आत मात्र तिन्हीकडे सारखीच माणसं: नाकातून नळी, लघवीची पिशवी, अर्धांग. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचं वृद्धाश्रम असावं असं म्हटलं. २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत आलं. केअर होमची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान दर्जा, असं सगळं त्यात होतं. त्याचा कायदा झालाच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गेल्या काही वर्षांत पुण्यात बंगल्या-बंगल्यांतून अशी सेंटरं उघडली आणि त्यांची तपासणी शेवटी माझ्यासारख्या पुतण्या-भाच्यांवर आणि सुनांवर येऊन पडली. आम्हाला फरशी तपासता येते. शुश्रूषा तपासायला कुणी शिकवलेलं नसतं.

आतेभावाचा फोन यायचा तेव्हा तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या शेजारच्या बाईंसाठी त्यांच्या मुलांनी जागा शोधली ती घरी बसून, सरकारी संकेतस्थळावर. तिथे प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे असतात, आणि दर माणसामागे परिचारिकांचे रोज किती तास मिळतात, शनिवार-रविवारी किती, वर्षात किती जणींनी नोकरी सोडली, हे सगळं पगारपत्रकांवरून काढलेलं असतं. २०२४ साली तिथल्या सरकारने माणशी रोज किमान ३.४८ तास असा दंडक जाहीर केला. नर्सिंग होमवाल्यांनी माणसं मिळत नाहीत म्हणून दाद मागितली आणि २०२५मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. पण आकडा तरी मांडलेला आहे, भांडायला काहीतरी हातात आहे. त्या निळ्या पेनाच्या सेंटरचं मी तसंच गणित केलं. दिवसा तिघी, रात्री एक, बारा तासांप्रमाणे अठ्ठेचाळीस तास, भागिले बावीस. माणशी सव्वादोन तासही भरत नाहीत, आणि त्यातच आंघोळ, तीन वेळचं भरवणं, औषधं, डायपर, वेणी.

पांढरा ड्रेस घातला की आपण सगळ्यांना सिस्टर म्हणतो. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन, बीएस्सी नर्सिंगची चार, आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवून नंबर मिळतो. सेंटरमध्ये भेटलेल्या बऱ्याच मुली यांतल्या कशातच नव्हत्या. सहा महिन्यांचा पेशंट केअरचा कोर्स, किंवा तोही नाही. हिंगोलीकडची एक मुलगी जिन्यात बसून डबा खात होती, मी तिच्याशेजारी टेकले. बारावी झाल्यावर बापाने कर्ज काढून कोर्सला घातलं, सर्टिफिकेट मिळालं, माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोने इथे लावलं. राहणं वरच्या मजल्यावर सहा जणींबरोबर. पगारातून ब्यूरो कापतो. "काकू, झोप येते हो फक्त. बाकी काही वाटत नाही," असं म्हणाली आणि पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत उठली, कारण आतून हाक आली होती. तिला रक्तदाब बघता येत होता. तो वाढला तर कुणाला आणि कधी सांगायचं, हे मात्र कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल शिफारस केली होती: पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांच्या खाली जाऊ नये. हा आकडा घेऊन पुन्हा हिशेबाला बसले. पलंगांपाशी अहोरात्र एक जास्तीचं माणूस म्हणजे साडेचार पगार, महिना नव्वद हजार. बावीस घरांत वाटले तर प्रत्येकी चार हजार शंभर. मालक हे का करत नाहीत, याचं उत्तर मला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्यावर मिळालं. तिथे आम्ही नातेवाईक बसतो. महिना बत्तीस म्हणतात, अठ्ठावीसला होईल का. डायपर आमचे आम्ही आणले तर किती कमी. फिजिओथेरपी नको, ती काय आता चालणार आहे. सगळे पोटाला चिमटा काढूनच आलेले असतात, कुणाच्या मुलाची फी असते, कुणाचा कर्जाचा हप्ता. पण बागेबद्दल आणि टीव्हीबद्दल आम्ही विचारतो, आणि रात्रपाळीच्या मुलीला काय देता हे विचारत नाही. ते विचारलं की उत्तराचं ओझं आपल्यावर येणार, हे आतून माहीत असतं.

पूर्वी हे घरात व्हायचं, असं सगळे हळहळून म्हणतात. आमच्या वाईच्या घरी आजी शेवटची दीड वर्षं माजघरात पडून होती. तिला एकही जखम झाली नाही, हे घरात आजही अभिमानाने सांगतात. मला आठवते ती काकू. पहाटे चुलीवर पाण्याचं पातेलं, जुन्या लुगड्यांच्या घड्या, एरंडेलाचा वास, आणि काकूचं सगळीकडे एकाच वेळी असणं. रात्री आजीच्या उशाशी कंदील असायचा आणि पायाशी काकूचं अंथरूण. काकूला ऑफ नव्हता. रिलिव्हर नव्हती. त्या दीड वर्षात ती माहेरी गेली नाही, आणि आजी गेल्यावर तिची कंबर धरली ती कायमची. घर हे सगळ्यात उत्तम केअर सेंटर असतं असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, तुमच्या घरी ती एकटी बाई कोण होती?

शेवटी आत्याला वारज्याच्या पुढे एका साध्या बंगल्यात ठेवलं. बाग नाही. पुढे पार्किंगमध्ये कपडे वाळत असतात. चालवणाऱ्या बाई स्वतः स्टाफ नर्स होत्या. चौदा जण आहेत आणि रात्री दोघी. मी तोच प्रश्न विचारल्यावर त्यांनी भिंतीवरचा ड्यूटी चार्ट दाखवला. त्यात नावं होती, ऑफ होते, एक नाव खोडून दुसरं घातलेलं होतं, त्या खाडाखोडीवर माझा विश्वास बसला. "ताई, माझं एकच दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "मुली टिकत नाहीत. शिकवून तयार करते, की मोठं हॉस्पिटल नेतं, नाहीतर दुबई." आणि लगेच पुढे, "जाऊ देत, पोरींचंही भलं व्हायला हवं."

सगळं उत्तम आहे असं मुळीच नाही. जेवण फार तिखट असतं, एकदा आत्याचं ऐकण्याचं यंत्र दोन दिवस सापडत नव्हतं, आणि निघताना ती माझा हात थोडा जास्त वेळ धरते तेव्हा मला गेटपर्यंत चालणं जड जातं. पण तिच्या टाचा खरखरीत आहेत. पाण्याला ठसका लागू नये म्हणून तिचा पेला अर्धाच भरून, उजव्या हाताशी ठेवतात.

गेल्या महिन्यात बाईंनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं. दोन रुग्ण नव्याने अंथरुणाला खिळले, दोघींना रात्र पुरत नाही, तिसरी ठेवायची आहे, प्रत्येकी अठराशे वाढतील. खोलीत कुजबुज झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले, माझी आई स्वतः चालते, तिला याचा उपयोग काय? प्रश्न चुकीचा नव्हता. बाईंनी उत्तर दिलं नाही, मग मीच बोलले. आत्या पडली ती स्वतः चालतानाच, पहाटे, आणि साडेतीनपासून सहापर्यंत फरशीवर होती, हे सांगितलं. एका आजोबांच्या सुनेने विचारलं की वाढलेले पैसे त्या मुलीलाच मिळणार का, आणि ते लिहून देणार का. बाई हो म्हणाल्या, लिहून दिलंही. दोन घरांनी आपली माणसं दुसरीकडे हलवली. त्यांतल्या एका आजींना पांघरूण घालूनच गाडीत बसवलं. उरलेल्या बारांनी होकार दिला, तेव्हा बाईंनी हिशेब पुन्हा मांडला आणि अठराशेचे एकवीसशे झाले.

तिसरी मुलगी या सोमवारपासून येते आहे, नांदेडची आहे, एएनएम झालेली. आत्याला सांगितलं तर तिने चष्मा लावला, पलंगाची कळ दाबून पाठ वर घेतली आणि म्हणाली, "आल्या आल्या आधी माझ्याकडे पाठव तिला. पेशंट कसा उचलायचा ते दाखवते, नाहीतर वर्षभरात कंबर घालवून बसेल."